प्लॅटिनमची तार आणि थोरियाची भुकटी

टी. एस. एलियट यांचा ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’ हा १९१९ सालचा निबंध मराठी साहित्याच्या वर्गातही शिकविला जातो, आणि त्यातील प्लॅटिनमच्या तारेचा दृष्टान्त उत्तरपत्रिकांतून हमखास भेटतो. ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या संयोगाच्या वेळी ही तार हजर असते. तिच्यावाचून संयोग घडत नाही. पण तयार झालेल्या आम्लात तिचा अंश नसतो आणि तीही जशीच्या तशी राहते. कवीचे मन असे असावे, हा एलियट यांचा आशय. (त्या आम्लाला ते सल्फ्युरस म्हणतात, ते सल्फ्युरिक हवे, पण ती बाब किरकोळ.) आमचा प्रश्न वेगळा आहे : उत्प्रेरक खरोखरच इतका तटस्थ असतो काय?

‘कॅटॅलिसिस’ ही संज्ञा बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये ग्रीकवरून घडविली. तिच्या मुळाशी ‘सुटणे, मोकळे होणे’ हा अर्थ आहे. आपला ‘उत्प्रेरक’ मात्र चेतविणारा. केवळ सान्निध्याने जागी होणारी शक्ती अशी बर्झेलियस यांची कल्पना होती, आणि एलियट यांची तार तिच्याच कुळातली. परंतु तोवर फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबात्ये यांनी ही कल्पना नाकारलेली होती.

साबात्ये यांना १९१२ साली व्हिक्तोर ग्रिन्यार यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, ते बारीक धातुकणांच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीबद्दल. १९३७ पासून आपल्या स्वयंपाकघरांत शिरलेला डालडा याच पद्धतीच्या वंशातला. आम्हांला येथे महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दुसरे काम : आल्फोंस माय यांच्यासह केलेला धातूंच्या ऑक्साइडांचा अभ्यास. तापविलेल्या थोरियावरून, म्हणजे थोरियमच्या ऑक्साइडावरून, मेदाम्लाची वाफ नेली की दोन रेणू एकत्र येतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते व कीटोन उरतो. सोळा कार्बनांच्या पामिटिक आम्लाचे दोन रेणू मिळून एकतीस कार्बनांचा कीटोन होतो. एक कार्बन वायूबरोबर जातो. तेलातील ऑक्सिजन असा काढून टाकता येतो, आणि इंधनाच्या दृष्टीने सारे मर्म तिथेच आहे. मात्र एकतीस कार्बनांची साखळी इंजिनाला फार लांब; ती पुढे तोडावी लागते.

हे घडते कसे? साबात्ये यांचे उत्तर असे : आम्ल थोरियाशी क्षणभर संयोग पावून अस्थिर क्षार बनते, तो मोडतो, कीटोन सुटतो आणि थोरिया पुन्हा मोकळा होतो. म्हणजे उत्प्रेरक अबाधित राहत नाही, तो बदलून परत येतो. शेवटी हाती तीच भुकटी येते, म्हणून मधल्या काळात तिला काही झालेच नाही, असे म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर माय यांनी तांबे, मॅग्नेशिया व अॅल्युमिना यांच्या मिश्रणांवर वनस्पतितेले तापवून पेट्रोलसदृश द्रव मिळविले. फ्रान्सला खनिज तेलाची वाण होती, वसाहतींत शेंगदाणा आणि पाम भरपूर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चाललेल्या डिझेल इंजिनामागेही वसाहतींचाच विचार होता. आफ्रिकेच्या शेतांतले तेल कोणाच्या गाड्यांसाठी, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या नोंदींत कोठेही येत नाही. तिथेही कोणीतरी तटस्थ राहिले होते!

१९३७ नंतर जपानने किनारा व्यापल्यावर चीनने तुंग तेलाकडे धाव घेतली. तेथील रीत जुनी : तेलाचा चुन्याशी साबण करायचा आणि तो साबण तापवून मोडायचा. या पद्धतीची माहिती १९४७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. इथे चुना परतत नाही. तो कार्बोनेट होऊन तळाशी बसतो, त्याला पुन्हा भाजून चुना करावा लागतो. आम्लाशी जडणे दोघांनाही चुकत नाही. थोरियाला मात्र त्यातून आपोआप सुटता येते, एवढाच काय तो फरक.

तोही नेहमी सुटत नाही. तेल तापताना ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर कार्बनचा थर चढतो, काम मंदावते, आणि तो थर हवेत जाळून काढावा लागतो. तारेचेही असेच आहे. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांत वायूंतल्या किंचित आर्सेनिकाने प्लॅटिनम निकामी होते, हे विसावे शतक उजाडता उजाडता जर्मन रसायनज्ञांना पुरते ठाऊक झाले होते. ही एलियट यांच्या दृष्टान्तातलीच प्रक्रिया, आणि त्यांचा निबंध त्यानंतर सुमारे दोन दशकांनी आला.