के अक्षराची रिकामी जागा

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं, 'या विषयावर फारसं काम झालेलं नाही.' गाईडनी एकच विचारलं, "कपाट कसं लावलंय ते बघितलंस का?"

लायब्ररी ऑफ काँग्रेसने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली वर्गीकरण पद्धती रचली, तेव्हा कायद्यासाठी के हे अक्षर राखून ठेवलं. पण ते कित्येक दशकं रिकामंच राहिलं. कायदा देशागणिक बदलतो. मग आधी देश घ्यायचा की विषय?

१९६८ मध्ये ब्रिटिश ग्रंथपाल एलिझाबेथ मॉइस यांनी कायद्यासाठी स्वतंत्र पद्धती दिली. कॉमन लॉ देशांतल्या कायद्यावरचे ग्रंथ त्यांनी विषयवार लावले. पुढच्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा अमेरिकन कायद्याचा केएफ विभाग छापून आला. तिथे देश आधी. १९७१ च्या ड्यूईत पुन्हा उलट: ३४५ म्हणजे फौजदारी कायदा, ३४५.५४ म्हणजे भारताचा.

म्हणजे एका ग्रंथालयात शेजारी असलेली दोन पुस्तकं दुसरीकडे वेगवेगळ्या कपाटांत जातात. एका पुस्तकाला कपाटात एकच जागा मिळते. विषयसूचीत मात्र त्याची अनेक शीर्षकांखाली नोंद करता येते. म्हणून आधी सूची चाळा, मगच 'काम झालेलं नाही' असं लिहा. माझं ते वाक्य मी खोडलं.