‘या वयात?’ : बर्फावर पडून उठणाऱ्या मोठ्या माणसांचा इतिहास

गेल्या रविवारी माझ्या मावसबहिणीने एक व्हिडिओ पाठवला. ताई अमेरिकेत न्यू जर्सीला असते. वय ४७, नोकरी हिशेबाची. लेकीला बर्फावरच्या स्केटिंगच्या क्लासला सोडायला जायची. दोन हिवाळे बाकावर कुडकुडत बसली आणि एक दिवस भाड्याचे बूट घेऊन स्वतःच बर्फावर उतरली. लेकीने स्केटिंग केव्हाच सोडलं, ताईचं चालू आहे.

व्हिडिओ तिच्या भागातल्या एका स्थानिक स्पर्धेचा होता. फिगर स्केटिंग, प्रौढांचा गट. गाणं लागलं, ताई हात पसरून निघाली, एक छोटी उडी नीट पडली, दुसऱ्या उडीला धपकन आपटली. दोन सेकंद बर्फावर बसून राहिली, मग उठली, गाण्याचा पुढचा ठेका पकडला आणि दीड मिनिटाचा कार्यक्रम पूर्ण केला. तिघींत तिसरी आली. फोनवर म्हणाली, “अरे, पडले तेव्हाच जास्त टाळ्या मिळाल्या मला!”

मग मी तिच्याकडून सगळं रेकॉर्डिंगच मागवलं आणि तीन तास बघत बसलो. साठी ओलांडलेले एक गृहस्थ होते, शर्ट खोचून आलेले. एक बाई होत्या, त्यांचे हात सुरुवातीला इतके थरथरत होते की कॅमेऱ्यात दिसत होतं. प्रेक्षक म्हणजे घोंगड्या पांघरून बसलेले नातेवाईक आणि पुढच्या गटाचे स्पर्धक. ऑलिंपिकमध्ये हा खेळ बघताना सगळं इतकं सहज दिसतं की त्यात अवघड काय आहे तेच कळत नाही. इथे मात्र कळतं. बुटाखालच्या पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. सगळं शरीर एका धारेवर कलवायचं आणि तोल सांभाळत वळायचं, हा या खेळाचा पाया. ताईसारखं कुणी हळू करतं तेव्हा तो पाया उघडा दिसतो. नवशिक्या सुताराला काम करताना बघितलं की रंधा किती जड असतो ते समजतं, तसं.

हा व्हिडिओ मी दोन-चार जणांना दाखवला. प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया तीच : “या वयात?”

हाच प्रश्न मला चावला. म्हणून थोडं वाचलं, ते तुमच्यापुढे ठेवतोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटी गोष्ट आपल्या गावात येणार आहे.

पहिली गंमत ही की हा खेळ मुळात मोठ्या माणसांचाच. अठराव्या शतकात एडिंबरोला स्केटिंगचा क्लब होता. त्यात प्रवेश हवा तर परीक्षा द्यावी लागे : दोन्ही पायांवर एकेक पूर्ण वर्तुळ काढायचं, मग बर्फावर ठेवलेल्या टोप्यांवरून उडी मारायची, आधी एक टोपी, मग दोन, मग तीन. १७७२ मध्ये रॉबर्ट जोन्स या इंग्रज माणसाने या खेळावर पुस्तक लिहिलं, ते या विषयावरचं पहिलं मानलं जातं. १८७६ मध्ये लंडनमध्ये जॉन गॅम्जीने यंत्राने गोठवलेली पहिली रिंक सुरू केली. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात स्पर्धक किती? चार! चौघेही पुरुष.

तेव्हा ‘फिगर’ या शब्दाचा अर्थ शब्दशः होता. बर्फावर पात्याने आकृती कोरायची, आठचा आकडा, वळणं, वेटोळी. मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचं आणि परीक्षक वाकून रेघ तपासणार. यात ताकदीपेक्षा सबुरी लागायची आणि ती वयानेच येते. म्हणून त्या काळचे निकाल बघा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात कांस्यपदक घेणारे एडगर सायर्स ४५ वर्षांचे होते. १९२० मध्ये अँटवर्पला पुरुष एकेरीचं कांस्य मिळवणारे नॉर्वेचे मार्टिन स्टिक्सरुड ४४ वर्षांचे. त्याच वर्षी जोडीचं सुवर्ण घेणारे फिनलंडचे याकोबसन पती-पत्नी, ती ३५ ची, तो ३८ चा. त्यांना कुणी “या वयात?” विचारलं नसावं.

विचारलं जायचं ते वेगळंच : “बाई?” एडगर सायर्सची बायको मॅज. १९०२ मध्ये तिने लंडनच्या जागतिक स्पर्धेत नाव दिलं. नियम काढून बघितले तर बाईने उतरू नये असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, कारण बाई येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ती उतरली आणि थेट दुसरी आली, पहिला होता स्वीडनचा उलरिक साल्को. मग काय, पुढच्याच वर्षी संघटनेने बायकांना बंदी केली. कारणं दिली ती वाचण्यासारखी आहेत : लांब झग्यामुळे पाय दिसत नाहीत, परीक्षकाचं एखाद्या स्पर्धक मुलीशी सूत जुळलेलं असू शकतं, आणि बाईची तुलना पुरुषाशी करणं अवघड. तुलना अवघड म्हणणाऱ्यांना मॅजने घरच्या मैदानात उत्तर दिलं. १९०३ मध्ये तिने ब्रिटनची स्पर्धा जिंकली, १९०४ मध्ये पुन्हा जिंकली, आणि त्या वेळी दुसरा आला तो तिचा नवरा. १९०६ मध्ये बायकांसाठी वेगळी जागतिक स्पर्धा सुरू करावी लागली. १९०८ चं ऑलिंपिक सुवर्णही तिचंच.

हा काळ फार गोड होता असं समजू नका. खेळणारी मंडळी बहुतेक पैसेवाली आणि रिकामा वेळ असलेली होती. ‘अमॅच्युअर’ म्हणजे जो खेळातून पैसे घेत नाही तो, असा अर्थ ठरला होता. याचा जाच किती? १९४७ मध्ये कॅनडाची बार्बरा अ‍ॅन स्कॉट जगज्जेती होऊन गावी परतली तेव्हा ओटावा शहराने तिला मोटार भेट दिली. ती घेतली तर हौशी दर्जा जाईल म्हणून तिला परत करावी लागली. १९४८ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकल्यावरच गाडी तिच्याकडे आली. ज्याला पोटाची चिंता नाही त्याच्यासाठीच केलेला नियम होता तो. खरं तर त्या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि अर्थ आहे प्रेम करणारा. आपला ‘हौशी’ शब्द त्या मुळाच्या जास्त जवळचा. त्यात हौस आहे, पैशाचा उल्लेखही नाही.

मग हा खेळ मोठ्यांच्या हातून गेला कसा?

१९२४ च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेची एक ११ वर्षांची मुलगी उतरली. आठ जणींत आठवी आली. नाव सोनिया हेनी. चार वर्षांनी, १५ व्या वर्षी, तिने सुवर्ण जिंकलं, मग १९३२ आणि १९३६ मध्येही. १९२७ ते १९३६ सलग दहा जागतिक विजेतेपदं घेऊन ती हॉलिवूडला गेली. तिने आखूड झगे आणले, नाच आणला, उड्या आणल्या. लोकांना रेघा तपासण्यापेक्षा हे बघायला आवडलं, आणि टीव्ही आल्यावर तर प्रश्नच मिटला. कोरीव आकृत्यांना १९६८ पर्यंत ६० टक्के गुण होते. ते कमी होत गेले आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तो प्रकारच गेला.

उरल्या मुख्यतः उड्या. हवेत तीन-तीन, चार-चार गिरक्या घ्यायच्या, तेही सेकंदभरसुद्धा नसलेल्या वेळात. त्याला हलकं, अरुंद शरीर लागतं, म्हणजे मुलींच्या बाबतीत वयात येण्याआधीचं. १९९८ मध्ये तारा लिपिन्स्की १५ व्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली. २०२२ मध्ये बीजिंगला रशियाची १५ वर्षांची कमिला वालिएवा उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात सापडली आणि शेवटच्या फेरीत साऱ्या जगासमोर पुन्हा पुन्हा पडली. ज्यांनी ते बघितलं त्यांना ते विसरता येणार नाही. त्यानंतर संघटनेने मोठ्या गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १७ वर नेली. खेळातून मोठे बाहेर गेले आणि मोठ्यांचं सगळं ओझं पोरींच्या खांद्यावर आलं.

आता ताईच्या गटाकडे येऊ. अमेरिकेत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९९५ मध्ये, डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला. जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ या डोंगरी गावात २००५ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रौढांची स्पर्धा सुरू झाली. तिथे प्रवेशच २८ व्या वर्षापासून, म्हणजे ज्या वयात ऑलिंपिकवाले बूट टांगतात तिथून.

हे घडलं ते कुणाला दया आली म्हणून नाही. नियम बदलले म्हणून घडलं. वयाचे गट पाडले. कौशल्याचे टप्पे केले, कांस्य, रौप्य, सुवर्ण असे, आणि प्रत्येक टप्प्याला काय करायचं, काय करायचं नाही ते ठरवून दिलं. उदाहरणार्थ अ‍ॅक्सल उडी. १८८२ मध्ये अ‍ॅक्सल पाउल्सन या नॉर्वेच्या माणसाने ती पहिल्यांदा मारली. पुढे तोंड करून उडायचं आणि मागे तोंड करून उतरायचं, म्हणजे दीड गिरकी. प्रौढांच्या कांस्य गटात ही उडी चालतच नाही. मोह नको आणि हाडं मोडायला नकोत. लहानपणी शिकलेले लोक वेगळ्या गटात, म्हणजे चाळिशीत पहिल्यांदा बूट घातलेल्या माणसाला त्यांच्याशी झुंजावं लागत नाही. बर्फ तोच, पाती तीच. बदललं ते नियमांचं पुस्तक आणि रिंकचं वेळापत्रक.

वेळापत्रकाचं ताईने सांगितलं ते ऐका. तिच्या रिंकवर संध्याकाळची वेळ मुलांची आणि हॉकीवाल्यांची. मोठ्यांना मिळते पहाटे सहाची, नाहीतर दुपारी, पोरं शाळेत असताना. पण मिळते! भिंतीवरच्या तक्त्यात ‘प्रौढ’ असा एक रकाना आहे. “तो रकाना नसता तर मी कधीच आत गेले नसते,” ती म्हणाली. “कुणाला विचारायला लाजच वाटली असती.”

आपल्या देशातही बर्फाची मैदानं आहेत. शिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाची रिंक आहे. रात्री पाणी मारायचं, थंडीने गोठवायचं, सकाळ-संध्याकाळ खेळायचं. थंडी कमी पडली की खेळाचे दिवसही कमी. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली. स्पर्धा झाली आणि नंतर ती बरीच वर्षं बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू होऊन तिथे आशियाई पातळीची स्पर्धा झाली, ही आनंदाची गोष्ट. पण स्पर्धेसाठी बांधलेली जागा स्पर्धा संपल्यावर रोज कोण वापरणार, हे आधी ठरवलं नाही की काय होतं ते या उदाहरणात दिसतं.

आणि हे आपल्याला परकं नाही. आपल्या गावातलं क्रीडा संकुल बघा. स्केटिंगच्या रिंगणात चाकांच्या बुटांवर पोरं फिरतात आणि आई-बाप कट्ट्यावर मोबाईल बघत बसतात. मीही बसलोय. मागच्या महिन्यात गावातल्या काही भगिनींनी बॅडमिंटनच्या कोर्टचा रात्रीचा एक तास बायकांसाठी मागितला. रीतसर अर्ज दिला. त्यांना तोंडी उत्तर मिळालं, “ताई, या वयात? पोरांना खेळू द्या की.” लेखी उत्तर अजून नाही. रात्री आठनंतर ते कोर्ट रिकामं असतं, दिवे बंद असतात. हे मी स्वतः तीन वेळा जाऊन बघितलंय.

बरं, मोठ्यांच्या हौसेला सरकारने जागा द्यायची नसते असंही नाही. आपल्याच राज्यात सरकार हौशी राज्य नाट्य स्पर्धा घेतं. बँकेतला कारकून, झेडपीचा शिक्षक, कंपाउंडर, सगळे तोंडाला रंग लावून उभे राहतात. संवाद विसरतात, दुसरा सावरून घेतो, आपण टाळ्या वाजवतो. तिथे कुणी “या वयात?” म्हणत नाही. का? कारण तिथे स्पर्धा आहे, नियम आहेत, तारखा आहेत. सरकारी कागदावर ‘हौशी’ हा शब्द छापलेला आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. नवीन इमारत नको, निधी नको. संकुलाच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात एक रकाना हवा : ‘प्रौढ, रात्री ८ ते ९’. आठवड्यातले तीन दिवस बायकांचे, तीन दिवस सगळ्यांचे. विजेचा खर्च येणाऱ्यांकडून घ्या. आणि त्या अर्जाला लेखी उत्तर द्या, हो किंवा नाही.

ताईला मी विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार का? म्हणाली, “म्हणजे काय! ती उडी राहिलीये माझी.” 

आपल्या गावात अशा किती जणींची उडी राहिलीये, मोजायला हवं. ज्यांना तो एक तास हवाय त्यांनी खाली फक्त ‘हवा’ एवढं लिहा. सोमवारी यादी घेऊन मी संकुलाच्या कार्यालयात जाणार आहे.