स्त्रीगर्भ आणि अभावाची कल्पना

गर्भाचें लिंग कसें ठरतें याविषयीं गेल्या शतकांत जें संशोधन झालें, त्याचा इतिहास जसा प्रयोगांचा आहे, तसाच त्या प्रयोगांवरून काढलेल्या अनुमानांचाहि आहे. या दुसऱ्या भागाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, हा आमचा हेतु आहे.

सस्तन प्राण्यांच्या गर्भांत आरंभीं स्त्रीपुरुषभेद दिसत नाहीं. प्रत्येक गर्भांत नलिकांच्या दोन जोड्या असतात. त्यांस वुल्फ व म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञांचीं नांवें आहेत. पहिलीपासून नराच्या शुक्रवाहिन्या व दुसरीपासून मादीचा गर्भाशय घडतो. इ. स. १९४७ मध्यें आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच संशोधकानें सशिणीच्या उदरांतील गर्भांच्या जननग्रंथि कापून काढल्या. हें भेद दिसूं लागण्यापूर्वीं केलें असतां नरगर्भाच्या नलिकाहि मादीसारख्याच घडल्या. पुढें वृषणाच्या जागीं टेस्टोस्टेरोन ठेविलें, तेव्हां वुल्फची नलिका टिकली, परंतु म्यूलरची नष्ट झाली नाहीं. अर्थात् वृषणांतून आणखी एक द्रव्य निघत असलें पाहिजे. तें प्रथिन ठरलें व त्याचें जनुक १९८६ त हातीं आलें. १९९० त वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हें जनुक सांपडलें. त्याच्या प्रेरणेनें सॉक्स-९ हें प्रथिन वाढतें व वृषण घडूं लागतो. १९९१ त हें जनुक घातलें असतां एक्स-एक्स गुणसूत्रांचे कांहीं उंदीर नर झाले.

यावरून स्त्रीत्व म्हणजे पुरुषत्वाचा अभाव, असें मत रूढ झालें. परंतु वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी खात्री असल्यावांचून न दिसण्यावरून अभाव सिद्ध होत नाहीं, असें आमचे नैयायिक सांगतात. येथें ती खात्री नव्हती. २००९ त प्रौढ उंदरिणीच्या अंडाशयांतील फॉक्सएल-२ या प्रथिनाचें जनुक काढलें, तों तेथील पेशी वृषणपेशींसारख्या झाल्या. २०१७ त असें आढळलें कीं, मादीगर्भांत वुल्फची नलिका आपोआप विरत नाहीं. कूप-टीएफ-२ हें प्रथिन तिचा लोप घडवितें.

जोस्तचा प्रयोग अबाधित आहे. ढळला तो त्यावर लादलेला अर्थ. जुनीं दप्तरें चाळणाऱ्या आम्हांसहि हा धडा लागू आहे. एखाद्या कागदांत स्त्रियांचा उल्लेख नाहीं, म्हणून त्यांचें कर्तृत्व नव्हतें असें लिहिण्यापूर्वीं, तें असतें तर त्या कागदांत उतरलें असतें काय, हें अगोदर पाहावें.