बाष्पकातील पाण्याची खरी पातळी सांगणारी काच

रोहा शहराला लागून असलेल्या वरसे गावातून पाळीवर निघालेला कामगार धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचतो, तेव्हा त्याच्या कारखान्यातील एक यंत्र बहुधा आधीपासूनच तापलेले असते. ते यंत्र म्हणजे बाष्पक, अर्थात बॉयलर. रसायने, रंगद्रव्ये, कीटकनाशके अशा उत्पादनांना उष्णता लागते आणि ती नळ्यांमधून वाहून नेण्याचे सर्वात सोयीचे माध्यम वाफ हेच आहे. मुळशीचे पाणी भिरा येथील वीजगृहातून कुंडलिकेत उतरते. त्यामुळे या खोऱ्यात बारमाही पाणी मिळाले आणि पाण्यापाठोपाठ कारखानेही आले. या साऱ्या उद्योगाची सुरक्षितता मात्र बाष्पकाच्या दर्शनी बाजूला बसविलेल्या वीतभर लांबीच्या काचेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. कामगारांच्या बोलीत तिला ‘गेज ग्लास’ म्हणतात. ही काच दीर्घकाळ टिकावी कशी आणि टिकली तरी ती खरे बोलते आहे हे ओळखावे कसे, हा अभियांत्रिकीतील जुना, पण आजही महत्त्वाचा प्रश्न आहे.

पाणी कमी झाले तर काय होते?

बाष्पकातील ज्वाळांच्या संपर्कात येणारा पोलादी पत्रा आणि नळ्या सुरक्षित राहतात त्या पलीकडच्या बाजूला असलेल्या पाण्यामुळे. पाणी उष्णता सतत शोषून घेते, म्हणून धातूचे तापमान आटोक्यात राहते. पातळी खाली गेली की धातू उघडा पडतो, लालबुंद होतो, मऊ पडतो आणि आतील दाबाने फाटतो. दहा बार दाबाच्या बाष्पकात पाण्याचे तापमान सुमारे १८४ अंश सेल्सियस असते. कवच फाटून दाब एकाएकी नाहीसा झाला, तर या पाण्याचा साधारण सहावा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो. वातावरणाच्या दाबाला पाण्याच्या तुलनेत वाफेचे आकारमान सुमारे सोळाशे पट भरते. म्हणजे पाच टन पाणी असलेल्या बाष्पकातून तेराशे घनमीटरच्या आसपास वाफ एकदम बाहेर पडू शकते. बाष्पकाच्या अपघाताची दाहकता या हिशेबातून कळते.

भारतात बाष्पकांविषयी कायदा झाला तोही अशाच अनुभवातून. १८६३ मध्ये कोलकात्यात मोठा स्फोट झाला आणि त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे निरनिराळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यांतील विसंगती दूर करण्यासाठी १९२३ चा भारतीय बाष्पक कायदा आला, तर तांत्रिक नियम १९५० मध्ये तयार झाले. आता १९२३ च्या कायद्याची जागा संसदेने संमत केलेल्या बाष्पक कायदा, २०२५ ने घेतली आहे. महाराष्ट्रात तपासणीचे काम बाष्पके संचालनालय पाहते. पंचवीस लिटरपेक्षा कमी क्षमतेची उपकरणे कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. बाकीच्या बाष्पकांना नोंदणी आणि ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र लागते. पाण्याची पातळी दाखविणारी सर्वसाधारणपणे दोन स्वतंत्र साधने बाष्पकावर असावीत आणि त्यांपैकी किमान एक काचेचे असावे, असा नियमांचा आग्रह आहे. एक काच खोटे बोलू लागली तर तिला खोटे ठरविणारी दुसरी साक्ष हवी, हा त्यामागील विचार आहे.

साधे तत्त्व, अवघड परिस्थिती

गेज ग्लासचे तत्त्व शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आढळते. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत द्रवाची पातळी समान राहते. काचेच्या नळीचे वरचे टोक बाष्पकातील वाफेच्या भागाला आणि खालचे टोक पाण्याच्या भागाला जोडले, की आतील पातळी बाहेर दिसते. वर वाफेचा कॉक, खाली पाण्याचा कॉक आणि तळाशी निचऱ्याचा कॉक, एवढीच त्याची मांडणी.

अडचण आहे ती परिस्थितीची. या काचेला एकाच वेळी दाब, उष्णता, कंप आणि रसायने यांचा मारा सहन करावा लागतो. बाष्पकातील पोलाद गंजू नये म्हणून पाणी मुद्दाम अल्कधर्मी ठेवले जाते. त्याचा सामू अकरा-बाराच्या घरात असतो. पोलादाला मानवणारे हे गरम अल्कधर्मी पाणी काचेतील सिलिका मात्र हळूहळू विरघळविते. नळीच्या वरच्या टोकाकडे वाफेचे थेंब होऊन ओघळत राहतात आणि तेथेही काच झिजत जाते. बाहेरून स्वच्छ दिसणारी नळी आतून पातळ झालेली असते आणि एखाद्या दिवशी थंड वाऱ्याच्या झोताने किंवा पावसाच्या शिंतोड्याने तडकते. कोकणातील पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखालील बाष्पकाबाबत हा धोका लक्षात घ्यावाच लागतो.

टिकाऊपणाची पहिली पायरी म्हणजे योग्य काच. साध्या काचेऐवजी बोरोसिलिकेट काच वापरली जाते. जर्मनीतील येना येथे ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विकसित केलेली ही काच तापल्यावर फारच कमी प्रसरण पावते. ३०० मिलिमीटर लांबीची नळी दीडशे अंशांनी तापली, तर ती सुमारे ०.१५ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीचे पोलाद मात्र अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढते. म्हणूनच नळी दोन्ही टोकांना धातूवर घट्ट टेकवून चालत नाही. टोकाशी थोडी मोकळी जागा ठेवून तिला ग्लँडमधील मऊ पॅकिंगने धरावे लागते. वरचा आणि खालचा कॉक एका सरळ रेषेत नसतील, तर नळी वाकविली जाते आणि नवी असूनही फुटते. वारंवार नळ्या फुटत असतील, तर दोष काचेत शोधण्याआधी कॉकची रेषा तपासावी, हा अनुभवी फिटरचा नियम याच कारणाने आहे.

नळीपेक्षा मजबूत म्हणजे सपाट, जाड काचेचा ‘रिफ्लेक्स’ गेज. ऑस्ट्रियातील रिचर्ड क्लिंगर यांचे नाव या प्रकाराशी जोडलेले आहे. काचेच्या आतील बाजूस ४५ अंशांच्या उभ्या खाचा असतात. काचेमागे वाफ असेल, तर प्रकाश पूर्णपणे परावर्तित होतो, कारण तेथे क्रांतिक कोन सुमारे ४२ अंशांचा असतो. मागे पाणी असेल, तर तो कोन ६४ अंशांच्या आसपास जातो आणि प्रकाश पाण्यात शिरून नाहीसा होतो. परिणामी वाफ रुपेरी आणि पाणी काळे दिसते. अंधुक उजेडात, लांबूनही पातळी चटकन कळते. दाब आणखी वाढला की खाचांची काच लवकर झिजते. तेव्हा दोन सपाट काचांच्या गेजमध्ये आतील बाजूस अभ्रकाची पातळ चकती बसवितात. अल्कधर्मी पाण्याला अभ्रक चांगला दाद देत नाही आणि काचेचे आयुष्य वाढते.

काच टिकली, पण खरे बोलते का?

बाष्पकतज्ज्ञांच्या दृष्टीने खरा धोका फुटलेल्या काचेचा नाही. फुटलेली काच आवाज करते, वाफ सोडते, सर्वांना सावध करते. वरच्या-खालच्या कॉकमधील सुरक्षा गोळी प्रवाहाच्या झोताने जागेवर बसून गळती रोखते आणि भोवतीचे कडक काचेचे आवरण तुकड्यांपासून माणसाला वाचविते. धोका आहे तो न फुटता चुकीची पातळी दाखविणाऱ्या काचेचा.

पाण्याची वाट गाळाने किंवा क्षाराने बुजली, तर वरून येणाऱ्या वाफेचे पाणी नळीत साठत जाते आणि पातळी चढती दिसते. वाफेची वाट बुजली, तर नळीत अडकलेली वाफ थंड होऊन तिचा दाब उतरतो आणि खालचे पाणी वर ओढले जाते. काच भरलेली दिसते. वरच्या ग्लँडमधून वाफ गळत असेल, तरीही पातळी प्रत्यक्षाहून अधिक दिसते. हे तिन्ही दोष एकाच दिशेने फसवितात. आत पाणी आटत असताना बाहेर ते भरपूर असल्याची ग्वाही मिळते.

याच्या उलट एक चूक सुरक्षित बाजूची आहे. बाहेरच्या नळीतील पाणी थोडे थंड, म्हणून जड असते. आत १८० अंशांचे ३०० मिलिमीटर पाणी असेल आणि नळीतील पाणी १२० अंशांचे असेल, तर काचेत सुमारे २८२ मिलिमीटरच दिसते. उच्च दाबाच्या बाष्पकात हा फरक वाढत जातो आणि आरेखनात तो धरावाच लागतो.

उतारही फसवू शकतो. रायगड जिल्ह्यातच १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान छोट्या रेल्वेच्या मार्गावर वीसास एक असा तीव्र चढ आहे. वाफेच्या इंजिनात दोन मीटर अंतरावर पाण्याच्या पातळीत या चढाने दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. कारखान्यातील बाष्पक जागचे हलत नाही. पण तेथे वाफेची मागणी एकदम वाढली, तर दाब उतरून पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असतानाही पातळी काही क्षण वर चढते.

पाळीच्या सुरुवातीची दोन मिनिटे

यावर उपाय म्हणजे गेज ‘ब्लो’ करणे. प्रथम पाण्याचा कॉक बंद करून निचरा उघडतात. वाफ जोराने बाहेर पडली की वरची वाट मोकळी असते. नंतर वाफेचा कॉक बंद करून पाण्याचा उघडतात. पाणी जोराने आले की खालची वाट मोकळी असते. शेवटी निचरा बंद करून दोन्ही कॉक उघडले की पाणी झपाट्याने आपल्या पातळीवर यायला हवे. ते रेंगाळत चढले, तर अडथळा आहे असे समजावे. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ही तपासणी व्हावी, ही जुनी शिस्त आहे. कॉकच्या मुठी खाली लोंबत असतील तीच चालू स्थिती, अशी पारंपरिक गेजची रचना असते. कंपाने मूठ सैल होऊन खाली आली, तरी कॉक चालू स्थितीतच राहावा, हा त्यातील हेतू.

काचेत पाणी दिसेनासे झाले आणि आत ते किती आहे याची खात्री नसेल, तर घाईने पाणी सोडणे ही सर्वात मोठी चूक ठरू शकते. तापून लाल झालेल्या धातूवर पाणी पडल्यास मोठ्या प्रमाणावर वाफ होते आणि धातूही आकसून तडकतो. आधी आग बंद करणे, वाफेची मागणी थांबविणे आणि बाष्पक आपोआप थंड होऊ देणे, हाच मार्ग आहे.

आज विद्युतवाहकतेवर चालणारे इलेक्ट्रोड, चुंबकीय तरंगकाचे दर्शक आणि पाणी कमी होताच ज्वाळा बंद करणारी स्वयंचलित यंत्रणा उपलब्ध आहे. बाष्पके आणि वाफेची उपकरणे बनविणारे नामवंत उद्योग पुण्यातच आहेत. तथापि स्वयंचलित यंत्रणाही गाळाने अडते, तारा तुटतात, तरंगक अडकतो. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाबनियंत्रक टाकीतील पातळी वर दिसत राहिली आणि तिच्यावर विसंबून चालकांनी आणीबाणीच्या पाण्याचा पुरवठा कमी केला. अणुभट्टीचा गाभा मात्र उघडा पडत होता. प्रगत देशातील अत्याधुनिक केंद्रालाही पातळीच्या एका चुकीच्या वाचनाची किंमत मोजावी लागली.

टिकाऊ गेज म्हणजे केवळ न फुटणारी काच नव्हे. तिचे मार्ग सहज साफ करता यावेत, कॉक हाताने सहज फिरावेत, ती माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणि पुरेशा उजेडात असावी, बदलण्यासाठी बाष्पक बंद करावे लागू नये, हे सारे आरेखनातच ठरावे लागते. अडकणारा कॉक कोणी रोज फिरवीत नाही आणि न फिरविलेला कॉक एके दिवशी फिरेनासा होतो. आरेखन करणाऱ्याने ही मानवी बाजू ओळखली, तर बाष्पक परिचराची पाळीच्या सुरुवातीची दोन मिनिटे सार्थकी लागतात आणि रात्रपाळी संपवून वरसेकडे परतणारा कामगार सकाळचा चहा आपल्या घरी घेतो.