सागरी बांधांची उंची आणि संभाव्यतेचे गणित : नेदरलँड्सच्या डेल्टा आयोगाचा निर्णय

सार्वजनिक बांधकामांच्या मोठ्या प्रकल्पांत जोखमीच्या संख्यात्मक विश्लेषणाचा आधार घेणे आता रूढ झाले आहे. या पद्धतीच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांत नेदरलँड्समधील डेल्टा योजनेची गणना होते. बांध किती उंच असावा या साध्या भासणाऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे कसे निश्चित झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने नैर्ऋत्य नेदरलँड्समधील बांध फोडले व १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. हूक ऑफ हॉलंड येथे पाण्याची पातळी प्रमाण पातळीपेक्षा ३.८५ मीटरवर पोहोचली होती. तोपर्यंतची रीत अशी की, ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी घ्यावी व तिच्यावर थोडी जादा उंची ठेवावी. म्हणजे प्रत्येक पिढीचा बांध मागील पिढीच्या आपत्तीच्या मापाचा! वास्तविक, वादळी भरतीच्या पातळ्यांच्या वारंवारतेत नियमबद्धता आढळते, हे व्हेमेल्सफेल्डर या अभियंत्याने १९३९ मध्येच दाखविले होते. पातळी जसजशी वाढते तसतशी ती ओलांडली जाण्याची संभाव्यता ठरावीक प्रमाणात घटते. बांध अपुरे असल्याचा इशारा योहान व्हान व्हेन हेही आपत्तीपूर्वी देत होते. ज्ञान उपलब्ध होते. निर्णयाशी त्याची सांगड घातली गेलेली नव्हती.

ही सांगड घालण्याचे काम आपत्तीनंतर नेमलेल्या डेल्टा आयोगासाठी आम्सटरडॅमच्या गणित केंद्रातील डेव्हिड व्हान डान्झिग यांनी केले. १९५६ मध्ये 'इकॉनॉमेट्रिका' या नियतकालिकात त्यांची मांडणी प्रसिद्ध झाली. बांधाची उंची वाढविली की खर्च वाढतो, परंतु पुराची संभाव्यता घटते व तिच्याबरोबर अपेक्षित हानीही घटते. भविष्यातील सर्व वर्षांची अपेक्षित हानी व्याजदराने आजच्या मूल्यात आणून बांधकाम खर्चात मिळवावी आणि ही बेरीज ज्या उंचीला किमान होईल ती उंची स्वीकारावी, असे या युक्तिवादाचे सूत्र होते. खचत जाणारी जमीन आणि बांधामागे वाढत जाणारी संपत्ती यांचाही त्यांनी विचार केला. मानवी जीविताचे मूल्य पैशांत कसे मांडावे, ही अडचण मात्र सूत्राने सुटणारी नव्हती.

येथे एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. खाड्यांची मुखे बंद करण्याची शिफारस आयोगाने १९५४ मध्येच केली होती. योजनेचे स्वरूप गणिताने ठरविले नाही. गणिताकडे आला तो सुरक्षिततेच्या पातळीचा प्रश्न. त्यातही मध्य हॉलंडसाठी गणिताचे उत्तर वर्षाला सव्वा लाखांत एक असे निघाले, तर १९६० च्या अंतिम अहवालात आयोगाने पातळी ओलांडली जाण्याची संभाव्यता दहा हजारांत एक स्वीकारली आणि हूक ऑफ हॉलंडसाठी पाच मीटरची पातळी धरली. पाणी संकल्पित पातळीवर चढताच बांध लगेच कोसळत नाही, हा या फरकामागील एक विचार होता. तो ग्राह्य असला तरी बारापटींहून अधिक असलेले हे अंतर केवळ गणिती मानता येत नाही. किती जोखीम पत्करावी याचा निवाडा आयोगाने केला. व्हान डान्झिग यांच्या सूत्रामुळे तो निवाडा उघड झाला आणि म्हणून वादविषय होऊ शकला. अहवाल येण्यापूर्वीच, १९५९ मध्ये, व्हान डान्झिग यांचे निधन झाले होते.

सूत्रात नसलेल्या गोष्टी पुढे समोर आल्याच. ओस्टरस्खेल्ड खाडी पूर्ण बंद करण्यास मच्छीमार व निसर्गप्रेमींनी विरोध केला. १९७० च्या दशकात मूळ बेत बदलण्यात आला आणि १९८६ मध्ये, केवळ वादळात बंद होणारी ६२ दरवाजांची भिंत तेथे कार्यान्वित झाली. २०१७ पासून लागू झालेल्या नव्या मानकांत पाण्याच्या पातळीऐवजी प्रत्यक्ष पूर येण्याची संभाव्यता आधारभूत धरली असून, बांधामागे राहणाऱ्या कोणाही व्यक्तीचा पुराने मृत्यू होण्याची संभाव्यता २०५० पर्यंत वर्षाला एक लाखात एकाहून अधिक नसावी, असे ध्येय ठेवले आहे.