पोते : गावच्या थैलीपासून सरकारी खजिन्यापर्यंत

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) ‘पोतें’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत. पहिला आजही रोजच्या बोलण्यातला, गोणी. दुसरा सरकारी खजिना किंवा त्यातल्या थैल्या. तिसरा फार नेमका आहे: गावाने जिल्ह्याच्या खजिन्यात भरण्यासाठी बांधलेली वसुलाची थैली. हे तीन अर्थ इतर कागदांशी ताडून पाहिले, तर शेतकऱ्याच्या हातातला पैसा सरकारात कसा पोचत असे, याचा बराचसा माग लागतो.

सर्वांत तपशीलवार पुरावा अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त सापडतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात खजिनदाराच्या कामाचे नियम आहेत, आणि चालू भाषेत त्याला ‘फोतादार’ म्हणतात असे तिथेच नमूद केले आहे. फारसी ‘फोता’ आणि मराठी ‘पोते’ यांचे नाते इथे उघड होते. या नियमांचा मराठी मुलखाशीही संबंध येतो: आजच्या परभणी जिल्ह्याचा मोठा भाग त्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या पाथरी सरकारात मोडत होता. 1596 च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे गेला, म्हणजे हे नियम या मुलखालाही लागू झाले असावेत.

नियम वाचताना शेतकऱ्याची काळजी जाणवते. तो मोहरा, रुपये किंवा दाम यांपैकी जे नाणे आणील ते घ्यावे, अमुकच नाणे हवे असा हट्ट धरू नये. चालू राजवटीच्या नाण्यावर बट्टा कापू नये, वजनात जेवढी घट असेल तेवढीच भरून घ्यावी. आधीच्या राजवटींची नाणी मात्र धातूच्या भावाने घ्यावीत. भरणा झाला की पावती द्यावी आणि वहीवर पटवाऱ्याची सही घ्यावी. रोज संध्याकाळी रोकड मोजावी. खजिन्याच्या दाराला अंमलदाराची मोहोर आणि फोतादाराचे स्वतःचे कुलूप असावे, आणि अंमलदार व कारकून यांना ठाऊक असल्याशिवाय ते उघडू नये. एकट्या माणसाच्या हाती पैसा राहू नये, हेच या साऱ्या बंदोबस्ताचे सूत्र दिसते.

मराठी राज्यातही हा शब्द ठसठशीतपणे येतो. शिवकालीन कारभाराच्या परंपरागत यादीत अठरा कारखान्यांमध्ये ‘खजिना’ आहे आणि बारा महालांमध्ये ‘पोते’ वेगळे आहे. साठवणीचे धन आणि देण्याघेण्याची रोकड यांत भेद केला जात असावा, असे या दोन नोंदींवरून अनुमान निघते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या मागे राहिलेल्या ठेव्याची मोजदाद आहे. तिच्यात शिवराई होनांबरोबर पादशाही होन, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी अशी नावे ओळीने येतात. विजयनगरच्या राजांची नावे मिरवणारी नाणी रायगडाच्या खजिन्यात होती. एवढ्या जातींच्या नाण्यांतून खरे-खोटे, पुरे-हिणकस निवडणारा जाणकार हवाच.

तो जाणकार म्हणजे पोतदार. भरण्यात आलेले नाणे पारखून घेणे हे त्याचे सरकारी काम, आणि गावात तोच सोनारही, असे मोल्सवर्थ सांगतो. नाण्याचा आवाज ऐकायचा, ते काट्यावर तोलायचे, शंका आलीच तर कसोटीच्या दगडावर कस पाहायचा. ज्याच्या बोटांना सोन्यारुप्याची रोजची सवय, त्याच्याकडेच हे काम येणे स्वाभाविक होते. रोकड सांभाळणारा तो पोतनीस. खजिन्याच्या हिशेबाचा निकाल म्हणजे पोतेझाडा. आणि सरकार भरण्यात जे नाणे स्वीकारी, ते पोतेचालीचे. या शेवटच्या शब्दात रयतेची मोठी अडचण दडलेली आहे. बाजारात चालणारे नाणे पोतेचालीचे नसले, तर सारा भरताना बट्टा बसायचा आणि तो कुणब्याच्याच पदरात पडायचा.

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णाकाठच्या येलदरीसारख्या गावांना ही अडचण विसाव्या शतकातही चुकली नाही. हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे नाणे होते हाली शिक्का. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. सर्वसाधारण भाव सात हालींना सहा कलदार. सरहद्दीपलीकडच्या वऱ्हाडात व्यवहार करणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी हाली नाणे पुरते बंद व्हायला 1959 उजाडले.

म्हणून मोडी कागदात ‘पोते’ दिसले की ते धान्याचे समजून पुढे जाऊ नये. शेजारी नाण्याचे नाव, भरण्याची तारीख किंवा पोतदाराचा उल्लेख आहे का, ते आधी पाहावे. खजिन्यात किती होते हे बखरी सांगतात. ते तिथवर कुणाच्या हातांतून आले आणि वाटेत बट्टा कुणाला सोसावा लागला, हे मात्र अशा रुक्ष नोंदींतूनच कळते. गावाने बांधलेल्या त्या थैलीपासून खजिन्याचा इतिहास लिहिला, तर सारा भरणाऱ्या माणसाला त्यात त्याची जागा मिळेल.