नाकाची वाट

वर्धा जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास लिहायला घेतला की हिवताप आणि कुष्ठरोग यांची पानं आपोआप भरतात. सेगावातला, म्हणजे आजच्या सेवाग्राममधला हिवताप, दत्तपूरचं कुष्ठधाम, कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्र्यांची गांधीजींनी केलेली शुश्रूषा, सगळं नोंदलेलं आहे. जुनाट सर्दीला मात्र त्यात जागा नाही. तिने कोणी मरत नाही. माणूस नुसता सकाळपासून खाकरत राहतो, घशात चिकटा उतरत राहतो आणि खाली वाकलं की कपाळ जड होतं. तरीही या किरकोळ समजल्या जाणाऱ्या दुखण्याच्या इलाजाचा इतिहास पाहायला वर्ध्यासारखी जागा नाही. नाकात धूळ भरणारे कापसाचे जिन, निसर्गोपचाराचा आग्रह धरणारा सेवाग्रामचा आश्रम आणि नाक-कान-घसा विभाग असलेलं वैद्यकीय महाविद्यालय इथे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. नेती, म्हणजे नाक साफ करण्याची योगक्रिया, विरुद्ध ऑपरेशन असं एक भांडण या विषयावर नेहमी लावलं जातं. ते मला लटकं वाटतं. दोन्ही बाजूंना छळणारा प्रश्न एकच होता: नाकातला स्राव कुठून वाहतो आणि कुठे अडतो?

आधी धुळीचं. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि हिंगणघाटच्या कापसाला, ज्याचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात ठाऊक होतं, चाकं मिळाली. जिन-प्रेस उभे राहिले, पाठोपाठ हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या आल्या. जिनमध्ये सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पडते; हवेत राहतो तो वाळल्या पानांचा चुरा, माती आणि तंतूंचा भुगा. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे नेमका कोरड्या हवेचा काळ. कापसाच्या धुळीने होणारा रोग छातीचा आहे, त्याचा सायनसशी काय संबंध, असा आक्षेप इथे येईल. आक्षेप निम्मा खरा आहे. बिसिनोसिस हा फुप्फुसाचाच आजार आणि सायनसचं प्रत्येक दुखणं धुळीच्या माथी मारता येणार नाही. पण श्वासाची पहिली चाळणी नाक आहे. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० च्या आपल्या ग्रंथात ताग-अळशीचे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला नोंदवला. आपल्याकडे ती नोंद ग्रंथाऐवजी पदराने केली: जिनमधल्या बाया नाकातोंडावरून पदर किंवा दुपट्टा घट्ट आवळून घेतात.

घरगुती इलाज या जिल्ह्याचे खास असे नाहीत. ओव्याची पुरचुंडी, वाफारा, कपाळावर सुंठ किंवा वेखंडाचा लेप आणि आजोबांची तपकीर सगळ्या महाराष्ट्राची. शास्त्राचं पाठबळही जुनं: सुश्रुताच्या उत्तरतंत्रात नाकाच्या रोगांना स्वतंत्र अध्याय आहेत, प्रतिश्यायाला, म्हणजे सर्दीला, वेगळा. नाकात औषध सोडण्याची, म्हणजे नस्याची, रीत तर बारकाईने सांगितलेली. आधी चेहरा शेकायचा, डोकं किंचित मागे कलतं ठेवायचं, औषधी तेल नाकपुडीत सोडायचं आणि घशात उतरलेलं गिळायचं नाही, थुंकायचं. शेवटची सूचना मला फार बोलकी वाटते. औषधाने सुटलेला कफ बाहेर गेला पाहिजे, हे त्यात गृहीत आहे. युरोपात त्याच्या उलट कित्येक शतकं असं मानत की शेंबूड मेंदूतून गळतो. १६६० च्या दशकात विटेनबर्गच्या श्नायडरने तो नाकाच्या अस्तरातच तयार होतो हे दाखवलं. ‘डोक्यातली सर्दी उतरली’ असं आपणही अजून म्हणतोच, श्नायडर काही म्हणो.

नेतीच्या प्राचीनतेबद्दल मात्र थोडं सावध राहायला हवं. हठयोगप्रदीपिकेतली नेती पाण्याची नाही, सुताची आहे: वीतभर मऊ दोरा नाकातून घालून तोंडातून काढायचा. पाणी येतं ते घेरंडसंहितेत, कपालभातीच्या प्रकारांत. नाकाने ओढून तोंडाने टाकायचं किंवा त्याच्या उलट. मीठ तिथे नाही. नळीच्या लोट्यातून कोमट मीठपाणी एका नाकपुडीत सोडून दुसरीतून काढण्याची आज घरोघर माहीत असलेली रीत विसाव्या शतकात रूढ झाली. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासणाऱ्या स्वामी कुवलयानंदांसारख्यांनी अशा क्रियांना नवी प्रतिष्ठा दिली. गांधीजींचा त्यांच्याशी १९२७ मध्ये पत्रव्यवहार होता.

गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले; १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी माती, पाणी, आकाश, तेज, वायू हेच उपचार मानले आणि श्वास नाकानेच घ्यावा असं बजावलं. यावरून सेवाग्रामला डॉक्टर वर्ज्य होते असा समज होतो. पण १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉककडून अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेणारेही तेच. आश्रमात रुग्ण पाहणाऱ्या सुशीला नायर रीतसर डॉक्टर होत्या. तिथे १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं आणि १९६९ मध्ये नायरांनीच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. वर्ध्याजवळच्या सावंगीचं वैद्यकीय महाविद्यालय १९९० चं. मातीच्या पट्टीच्या गावात ऑपरेशन थिएटर आलं, तेव्हा जुनं मोडीत निघेल असं वाटणं साहजिक होतं.

झालं वेगळंच. १८९० च्या दशकापासून जुनाट सायनसवरची मोठी शस्त्रक्रिया म्हणजे कॅल्डवेल-ल्यूक: ओठाखालून गालाच्या हाडाची पोकळी उघडायची, अस्तर खरवडायचं आणि नाकाच्या तळाशी भोक पाडायचं. पाणी खाली वाहतं, हा साधा तर्क. ऑस्ट्रियात ग्राझच्या मेसरक्लिंगरने दुर्बिणीतून पाहिलं तर कफ खाली जातच नव्हता. त्या पोकळीचं नैसर्गिक तोंड वरच्या अंगाला असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस कफाला मिनिटाला काही मिलिमीटर अशा चालीने चढणीवर नेत होते आणि सर्जनने पाडलेल्या भोकाला वळसा घालून जुन्याच दाराकडे जात होते. मेसरक्लिंगरचं इंग्रजी पुस्तक १९७८ चं. त्यानंतरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया अस्तर राखते आणि निसर्गाची वाट तेवढी रुंद करते. निसर्गोपचाराला याहून मोठी पावती सर्जनकडून मिळालेली मला ठाऊक नाही.

मग नेतीवाले जिंकले का? तेही नाही. मीठपाणी सुजलेला मांसल पॉलिप विरघळवत नाही, वाकडा पडदा सरळ करत नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या समीक्षेने भरपूर पाण्याने नाक धुण्याचा फायदा दिसतो असं म्हटलं, पण पुरावा तोकडा असल्याचंही नोंदवलं. घशात उतरणारा चिकटा कधी ॲलर्जीचा असतो, कधी पोटातल्या आम्लाचा; बारा आठवड्यांपलीकडे टिकला किंवा एकाच बाजूने रक्तमिश्रित येऊ लागला तर तपासूनच घ्यावा. पाण्याबाबत तडजोड नको. साधं पाणी झोंबतं, म्हणून अर्धा लिटरला सपाट पाऊण चमचा मीठ. आणि पाणी उकळून कोमट केलेलं, कारण विहिरी-नळाच्या पाण्यातून क्वचित मेंदूपर्यंत जाणारा अमीबा नाकावाटे शिरतो. हठयोग्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

या दोन्ही परंपरांनी नाकाची वाट शोधली, पण नाकात शिरणाऱ्या हवेकडे उपचाराचा भाग म्हणून क्वचितच पाहिलं. सेवाग्रामच्या आयुर्विज्ञान संस्थेतले विद्यार्थी शिस्तीचा भाग म्हणून खादी घालतात. त्या खादीच्या कापसाची रुई कुठल्यातरी जिनमध्येच सुटी झालेली असते, आणि तिथे धूळ अडवायला अजूनही बहुधा तो दुपट्टाच असतो.